हवामान बदल धोरणामागील संशोधन आणि लोकांपर्यंतची माहिती : जबलपूरच्या संस्थांच्या कार्याचा आढावा

जबलपूर (सदर) : हवामान बदलाविषयीचे धोरण दिल्ली, भोपाळ किंवा मुंबईत आखले जात असले, तरी ते ज्या मोजमापांवर उभे राहते ती मोजमापे जंगलात, शेतात आणि प्रयोगक्षेत्रांवर वर्षानुवर्षे घेतली जातात. मध्य भारतापुरते पाहिल्यास अशा मोजमापांचा मोठा भाग जबलपूर शहरातील संशोधन संस्थांकडून येतो. वनांतील कार्बनसाठा, वाढत्या कार्बन डायऑक्साइडचा तणांवर होणारा परिणाम, कमी दिवसांत येणारी सोयाबीनची वाणे आणि शेतकऱ्यांसाठीचा हवामान सल्ला हे चार विषय या शहरात अभ्यासले जातात. त्यांचा संबंध मध्य प्रदेशाइतकाच महाराष्ट्राशी, विशेषतः विदर्भ आणि मराठवाड्याशी आहे. संशोधन झाले की धोरण आपोआप योग्य होते असे नाही. ते निष्कर्ष शेतकरी, वनालगतची गावे आणि नागरिक यांच्यापर्यंत त्यांच्या भाषेत आणि वेळेवर पोहोचावे लागतात. हा दुवा कोठे मजबूत आहे आणि कोठे तुटतो, याचा हा आढावा.

धोरणाची चौकट

रिओ दी जानेरो येथे १९९२ मध्ये झालेल्या वसुंधरा परिषदेत संयुक्त राष्ट्रांचा हवामान बदलविषयक आराखडा करार स्वाक्षरीसाठी खुला झाला. या कराराच्या सहाव्या कलमात शिक्षण, प्रशिक्षण, लोकजागृती, माहितीची उपलब्धता आणि निर्णयप्रक्रियेतील लोकसहभाग यांची जबाबदारी सदस्य देशांवर टाकण्यात आली आहे. २०१५ च्या पॅरिस कराराच्या बाराव्या कलमातही हीच जबाबदारी पुन्हा नमूद झाली. म्हणजेच लोकांना माहिती देणे हा धोरणाला जोडलेला ऐच्छिक उपक्रम नसून कराराचाच भाग आहे.

केंद्र सरकारने ३० जून २००८ रोजी हवामान बदलविषयक राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यात आठ अभियानांचा समावेश होता : सौर ऊर्जा, ऊर्जा कार्यक्षमता, शाश्वत नागरी वसाहती, जल, हिमालयीन परिसंस्था, हरित भारत, शाश्वत शेती आणि हवामान बदलविषयक धोरणात्मक ज्ञान. यातील शेवटचे अभियान केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे सोपविण्यात आले. संशोधनाला पाठबळ देणे, राज्यांमध्ये ज्ञानकेंद्रे उभारणे आणि धोरणकर्त्यांना विश्वासार्ह माहिती पुरविणे हा त्याचा हेतू आहे. त्यानंतर राज्यांनीही आपापले कृती आराखडे तयार केले. मध्य प्रदेशात या कामाची सूत्रे भोपाळ येथील पर्यावरण नियोजन व समन्वय संघटनेकडे, म्हणजे ‘एप्को’कडे, आहेत. महाराष्ट्राने आपला अनुकूलन आराखडा ‘टेरी’ या संस्थेच्या साहाय्याने २०१४ मध्ये तयार केला.

ऑगस्ट २०२२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांकडे सुधारित राष्ट्रीय उद्दिष्टे सादर केली. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या प्रति एककामागील उत्सर्जन २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करणे आणि वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी सुमारे ५० टक्के क्षमता जीवाश्म इंधनाव्यतिरिक्त अन्य स्रोतांतून उभी करणे ही त्यातील दोन प्रमुख उद्दिष्टे होत. वने आणि वृक्षाच्छादनाद्वारे २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतकी अतिरिक्त साठवण करण्याचे २०१५ मधील उद्दिष्टही कायम आहे. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याची घोषणा नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत करण्यात आली होती.

यांपैकी वनांशी निगडित उद्दिष्ट मध्य भारताच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ठरते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार वनाच्छादन आणि वृक्षाच्छादन यांच्या एकत्रित क्षेत्रात मध्य प्रदेश देशात पहिल्या, तर महाराष्ट्र तिसऱ्या क्रमांकावर आहे. २००५ च्या तुलनेत देशात २.२९ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतकी अतिरिक्त साठवण झाल्याचे हा अहवाल सांगतो. हा आकडा कितपत पक्का आहे, हे मात्र जमिनीवरच्या मोजणीतूनच ठरते.

जबलपूरचे स्थान

जबलपूर नर्मदेच्या काठी वसले आहे. या परिसराच्या पूर्वेला मंडला, दिंडोरी आणि बालाघाटकडे सालाची जंगले वाढत जातात, तर पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे विदर्भापर्यंत सागवानाचे प्राबल्य आहे. दोन प्रमुख वनप्रकार जवळजवळ येत असल्याने वनसंशोधनासाठी हे ठिकाण सोयीचे ठरले.

महाराष्ट्राशी या शहराचा संबंध प्रशासकीयही होता. नागपूरकर भोसल्यांचा येथील अंमल १८१७ मध्ये संपुष्टात आला. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि नागपूर ही त्याची राजधानी बनली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. या दीर्घ संबंधातून अनेक मराठी कुटुंबे जबलपुरात स्थायिक झाली. सदर हा शहराच्या लष्करी छावणीतील जुना बाजारपेठेचा भाग होय. संशोधन संस्था मात्र शहराच्या वेगवेगळ्या दिशांना विखुरलेल्या आहेत : कृषी विश्वविद्यालय आणि तण संशोधन संचालनालय आधारताल परिसरात, तर केंद्रीय वन संशोधन संस्था मंडला मार्गावर गौर नदीच्या काठी.

वनांचे मोजमाप

भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषदेच्या अखत्यारीतील उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था एप्रिल १९८८ मध्ये अस्तित्वात आली. त्यापूर्वी १९७३ पासून येथे एक लहान वन संशोधन केंद्र कार्यरत होते. संस्थेच्या कार्यक्षेत्रात मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि महाराष्ट्र यांचा समावेश आहे. छिंदवाडा येथे १९९५ पासून तिचे उपकेंद्र असून त्या भागातील सौंसर आणि पांढुर्णा हा टापू मराठीभाषक आहे. याशिवाय मध्य प्रदेश शासनाची राज्य वन संशोधन संस्थाही १९६३ पासून जबलपुरातच आहे.

वनातील कार्बनसाठ्याचे मोजमाप पाच घटकांत केले जाते : जमिनीवरील झाडोरा, जमिनीखालील मुळे, वाळून पडलेले लाकूड, पालापाचोळा आणि मातीतील सेंद्रिय कार्बन. उपग्रहाच्या प्रतिमेवरून झाडांचे छत्र किती दाट आहे हे कळते. परंतु त्या छत्राखाली कोणती झाडे आहेत, त्यांचा घेर किती आणि माती कशी आहे हे कळत नाही. त्यासाठी ठरावीक आकाराचे भूखंड आखून प्रत्येक झाडाचा छातीइतक्या उंचीवरील घेर व उंची मोजावी लागते, मातीचे नमुने निरनिराळ्या खोलीवरून घ्यावे लागतात आणि काही वर्षांनी त्याच भूखंडावर परत यावे लागते.

ही मोजणी महत्त्वाची ठरण्याचे एक कारण वनाच्छादनाच्या व्याख्येत आहे. एक हेक्टर किंवा त्याहून अधिक क्षेत्रावर झाडांचे छत्र किमान १० टक्के असेल, तर जमिनीची मालकी किंवा वापर काहीही असला तरी ते क्षेत्र वनाच्छादनात गणले जाते. त्यामुळे जुने नैसर्गिक साल वन आणि काही वर्षांपूर्वीची एकजिनसी लागवड ही दोन्ही एकाच शीर्षकाखाली येऊ शकतात. त्यांची कार्बन साठविण्याची क्षमता, आग व किडींना तोंड देण्याची ताकद आणि स्थानिकांना मिळणारे मोह, तेंदू, चारोळीसारखे उत्पन्न यांत मोठे अंतर असते. धोरणकर्त्यांना हे अंतर दाखवून देण्याचे काम वन संशोधन संस्थांचे आहे.

जागतिक बँक आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साहाय्याने मध्य प्रदेश व छत्तीसगडमध्ये राबविण्यात आलेल्या परिसंस्था सेवा सुधारणा प्रकल्पात वानिकी परिषदेचा सहभाग होता. वनातील कार्बनचे मोजमाप आणि जमिनीचे शाश्वत व्यवस्थापन हे त्यातील प्रमुख विषय होते.

साल किडीचा धडा

संशोधन आणि लोकांपर्यंतची माहिती यांची सांगड न बसल्यास काय होते, याचे उदाहरण जबलपूरच्या आसपासच आढळते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडला, दिंडोरी आणि बालाघाट या पट्ट्यात सालाचे खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा मोठा प्रादुर्भाव झाला. या किडीचे भुंगेरे पावसाळा सुरू होताच बाहेर पडतात आणि कमकुवत झाडांच्या सालीवर अंडी घालतात. अळ्या आत शिरून खोड पोखरतात.

त्या वेळी मोठ्या प्रमाणावर बाधित झाडे तोडण्याचा मार्ग अवलंबिण्यात आला. तोड किती आणि कोणत्या झाडांची करावी, यावर तीव्र मतभेद झाले आणि विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. किडीच्या नियंत्रणासाठी ‘सापळा झाड’ ही जुनी पद्धत उपलब्ध होती. काही झाडे पाडून त्यांची साल ठेचली की रसाच्या वासाने भुंगेरे तेथे गोळा होतात आणि ते हाताने वेचून नष्ट करता येतात. हे काम गावकऱ्यांच्या सहभागाशिवाय होऊ शकत नाही. शिवाय ते पावसाच्या सुरुवातीच्या मोजक्या आठवड्यांतच करावे लागते. बाधित झाड कसे ओळखावे, कोणते झाड वाचू शकते आणि भुंगेरे केव्हा वेचावेत ही माहिती गावापर्यंत वेळेत पोहोचली, तर कुऱ्हाड कमी चालवावी लागते. तापमान आणि पावसाचे चक्र बदलत असताना किडींचे चक्रही बदलू शकते, म्हणून हा धडा आजही लागू आहे.

उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था ‘वन संज्ञान’ हे मासिक ई-नियतकालिक प्रसिद्ध करते. त्यात इंग्रजी आणि हिंदीबरोबरच मराठी, छत्तीसगढी व ओडिया भाषांतील लेखनालाही वाव ठेवण्यात आला आहे. केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेने प्रादेशिक भाषांना दिलेले हे स्थान उल्लेखनीय आहे. तथापि असे लेखन इंटरनेटवरून वाचू शकणाऱ्या वर्गापुरतेच राहिल्यास मेळघाट किंवा गडचिरोलीच्या ग्रामसभेपर्यंत ते कसे जाईल, हा प्रश्न उरतो.

वाढता कार्बन आणि तणांचा जोर

आधारताल परिसरात भारतीय कृषी संशोधन परिषदेचे तण संशोधन संचालनालय आहे. एप्रिल १९८९ मध्ये राष्ट्रीय तण विज्ञान संशोधन केंद्र म्हणून त्याची सुरुवात झाली. देशभरातील तण व्यवस्थापनविषयक समन्वित संशोधन प्रकल्पाचे सूत्रसंचालन येथून होते.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे २८० होते. आता ते ४२० च्या वर गेले आहे. येत्या काळात ते आणखी वाढल्यास पिके आणि तणे यांच्यातील स्पर्धा कशी बदलेल, हे पाहण्यासाठी संचालनालयात वरून उघडे असलेले कक्ष आणि खुल्या शेतात नळ्यांच्या वर्तुळातून वायू सोडण्याची यंत्रणा उभारण्यात आली आहे. या यंत्रणेत वर्तुळातील पिकाभोवतीचे कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ५५० पर्यंत राखून पीक आणि तण शेजारी शेजारी वाढवले जातात.

यामागील तत्त्व समजण्यास सोपे आहे. प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीनुसार वनस्पतींचे दोन मोठे गट पडतात. भात, गहू, सोयाबीन आणि कापूस हे पहिल्या गटात. ज्वारी, मका आणि ऊस हे दुसऱ्या गटात मोडतात. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्याचा लाभ पहिल्या गटाला अधिक होतो. त्यामुळे ज्वारीच्या किंवा उसाच्या शेतात पहिल्या गटातील तण असेल, तर तणाची बाजू वरचढ होऊ शकते. त्यातच काही तणनाशकांचा प्रभाव वाढीव कार्बन आणि तापमानात कमी झाल्याचे जगभरातील प्रयोगांत दिसून आले आहे. खुरपणी आणि फवारणीवर होणाऱ्या खर्चाच्या दृष्टीने कोरडवाहू शेतकऱ्याला या निष्कर्षाचे महत्त्व थेट जाणवणारे आहे.

लोकजागृतीच्या बाबतीत या संचालनालयाचा एक उपक्रम देशव्यापी आहे. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे गवत आज देशभर पसरले असून त्वचारोग आणि श्वसनविकारांना ते कारणीभूत ठरते. फुले येण्यापूर्वी ते उपटणे आणि केवळ याच गवतावर उपजीविका करणारा मेक्सिकन भुंगा सोडणे हे त्यावरील उपाय शाळा, ग्रामपंचायती आणि कृषी विज्ञान केंद्रांमार्फत सांगितले जातात. ऑगस्ट हा महिना निवडण्यामागेही कारण आहे : पावसाळ्यात गवत जोमाने वाढते आणि भुंगाही सक्रिय असतो. योग्य माहिती योग्य महिन्यात दिली जाण्याचे हे उदाहरण आहे.

पावसाचे बदलते वेळापत्रक आणि सोयाबीन

मध्य भारतातील पावसाविषयीचे महत्त्वाचे संशोधन पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत झाले आहे. या संस्थेतील शास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मध्य भारतातील अतिवृष्टीच्या घटना वाढत असून मध्यम पावसाच्या घटना घटत असल्याचे दाखविले. भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापन अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, तर मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. एकूण पाऊस कमी आणि तोही थोड्या दिवसांत जोरदार, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

याचा सर्वाधिक फटका कोरडवाहू सोयाबीनला बसतो. या पिकात जबलपूर आणि महाराष्ट्राचा संबंध घनिष्ठ आहे. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाची स्थापना १ ऑक्टोबर १९६४ रोजी झाली. त्या वेळी या विश्वविद्यालयाचा भाग असलेल्या सीहोर येथील कृषी महाविद्यालयात विकसित झालेले ‘जेएस ३३५’ हे सोयाबीनचे वाण १९९४ मध्ये अधिसूचित झाले आणि विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी पोहोचले. नावातील ‘जेएस’ म्हणजे ‘जवाहर सोयाबीन’. सीहोरचे महाविद्यालय २००८ पासून ग्वाल्हेरच्या कृषी विश्वविद्यालयाकडे गेले. वाणांच्या नावात मात्र ‘जवाहर’ कायम राहिले.

‘जेएस ३३५’ हे वाण सुमारे ९५ ते १०० दिवसांत तयार होते. पाऊस उशिरा येऊ लागला आणि सप्टेंबरात खंड पडू लागले, तसे कमी दिवसांच्या वाणांकडे लक्ष वळले. ‘जेएस ९३-०५’ आणि त्याहून लवकर, सुमारे ८२ ते ८८ दिवसांत येणारे ‘जेएस ९५-६०’ ही वाणे या गरजेतून पुढे आली. परंतु लवकर येणारे वाण हा सर्वत्र लागू पडणारा उपाय नाही. शेवटी पावसाने ताण दिला तर ते वाचते. मात्र काढणीच्या वेळी सप्टेंबरमध्ये जोरदार पाऊस आला, तर तेच आधी भिजते आणि शेंगांतच कोंब फुटतात. कोणते वाण किती क्षेत्रावर घ्यावे, हा निर्णय स्थानिक पावसाच्या नोंदी आणि त्या हंगामाचा अंदाज यांच्या आधारेच घेता येतो.

याच कारणाने भारतीय कृषी संशोधन परिषदेने फेब्रुवारी २०११ मध्ये हवामान अनुकूल शेतीचा राष्ट्रीय उपक्रम, म्हणजे ‘निक्रा’, सुरू केला. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधील कृषी विज्ञान केंद्रांचे समन्वयन जबलपूर येथील ‘अटारी’ संस्थेकडे, तर महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यातील केंद्रांचे समन्वयन पुण्याच्या ‘अटारी’कडे आहे. निवडक गावांत रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरणी, शेततळी आणि कमी दिवसांची वाणे यांची प्रात्यक्षिके घेतली जातात. रुंद वरंबा सरीमुळे अतिवृष्टीत पाणी सरीतून वाहून जाते आणि पावसाच्या खंडात ओल टिकते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, हा महाराष्ट्रात दर जून महिन्यात दिला जाणारा सल्लाही याच अभ्यासाच्या परंपरेतला आहे.

हैदराबाद येथील केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने २०१९ मध्ये देशातील ५७३ ग्रामीण जिल्ह्यांचे जोखीम मूल्यमापन प्रसिद्ध केले. त्यात १०९ जिल्हे अतिउच्च, तर २०१ जिल्हे उच्च जोखमीचे ठरले. महाराष्ट्रात २०१८ पासून राबविल्या गेलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात जागतिक बँकेच्या साहाय्याने पहिल्या टप्प्यात १५ जिल्ह्यांतील ५ हजारांहून अधिक गावे घेण्यात आली आणि गावपातळीवर नियोजनाचे आराखडे तयार करण्यावर भर देण्यात आला.

हवामान सल्ल्याची यंत्रणा

भारतीय हवामान विभाग कृषी विद्यापीठे व संशोधन संस्थांच्या सहकार्याने ग्रामीण कृषी हवामान सेवा चालवितो. देशातील १३० कृषी हवामान क्षेत्र केंद्रांपैकी एक जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयात आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी प्रादेशिक भाषेत सल्लापत्र निघते. त्यात पुढील पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा यांचा अंदाज आणि त्यानुसार पेरणी, फवारणी किंवा काढणीचा सल्ला असतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘मेघदूत’ या मोबाइल ॲपवरही हा सल्ला मराठीसह अन्य भाषांत मिळतो.

जिल्हा पातळीवर ही सेवा अधिक नेमकी व्हावी, म्हणून २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान केंद्रे सुरू करण्यात आली होती. अशी १९९ केंद्रे उभी राहिली. २०२४ च्या प्रारंभी ती बंद करण्यात आली. अंदाज आता यंत्रणेद्वारे आपोआप तयार होऊ शकतो, हा त्यामागील युक्तिवाद होता. शेतकऱ्यांच्या बाजूने मांडला गेलेला मुद्दा वेगळा आहे : तालुक्यातील पीक कोणत्या अवस्थेत आहे हे जाणून अंदाजाचे सल्ल्यात रूपांतर करणारी व्यक्ती जिल्ह्यात असणे आवश्यक असते. ‘उद्या ३० मिलिमीटर पाऊस’ ही माहिती झाली. ‘आज फवारणी करू नका, कापलेले सोयाबीन झाकून ठेवा’ हा सल्ला झाला. या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे काम ही केंद्रे करीत होती.

माहितीचा हक्क आणि भाषा

लोकांना पर्यावरणविषयक माहिती मिळाली पाहिजे, ही भूमिका न्यायालयांनीही वेळोवेळी घेतली आहे. १९९१ मध्ये एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांतील चित्रपट्ट्या, आकाशवाणी आणि दूरदर्शनद्वारे पर्यावरणविषयक माहिती देण्याचे व शिक्षणात या विषयाचा समावेश करण्याचे निर्देश दिले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातील चौथ्या कलमानुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी कोणी मागण्याची वाट न पाहता माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते आणि ती स्थानिक भाषा लक्षात घेऊन द्यावयाची असते.

भाषेचा प्रश्न २०२० मध्ये ठळकपणे पुढे आला. पर्यावरणीय प्रभाव मूल्यमापन अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर तो इंग्रजी व हिंदीपुरता मर्यादित न ठेवता राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत अनुवादित करावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी दिला. केंद्र सरकारने या आदेशाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ज्या धोरणावर हरकती मागविल्या जातात ते वाचताच येत नसेल, तर लोकसहभाग कागदावरच राहतो, हा मुद्दा या प्रकरणाने अधोरेखित केला.

माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाशी निगडित एम. के. रणजितसिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी दिलेल्या निकालात हवामान बदलाच्या प्रतिकूल परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या चौदाव्या आणि एकविसाव्या अनुच्छेदांतून उद्भवत असल्याचे मान्य केले. देशात हवामान बदलासाठी स्वतंत्र सर्वंकष कायदा नसल्याचीही नोंद न्यायालयाने घेतली. या पार्श्वभूमीवर विश्वासार्ह माहिती मिळणे हा नागरिकांच्या हक्काशी जोडलेला विषय बनला आहे.

सदरसारख्या छावणी भागांचा प्रश्न

धोरणाचा शेवटचा टप्पा स्थानिक संस्थेकडे असतो आणि तेथे एक गुंतागुंत आढळते. सदर हा जबलपूर शहराच्या मध्यवर्ती भागात असला, तरी तो महापालिकेच्या नव्हे, तर २००६ च्या कायद्यानुसार चालणाऱ्या आणि संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील छावणी मंडळाच्या क्षेत्रात येतो. महापालिकेसाठी आखलेली स्वच्छ हवा, पावसाळी गटारे किंवा उष्णतेपासून संरक्षण यांविषयीची योजना छावणीला आपोआप लागू होत नाही. उष्णतेची लाट किंवा अतिवृष्टी मात्र हद्द पाहत नाही. छावणीतील तुंबलेल्या नाल्याचे पाणी शहरात उतरते आणि शहरातील तापलेल्या रस्त्यांची झळ बाजारापर्यंत येते.

हा प्रश्न एकट्या जबलपूरचा नाही. मध्य प्रदेशात महू, मुरार, सागर आणि पचमढी येथेही छावणी मंडळे आहेत. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर अशी सात छावणी मंडळे आहेत. अहमदाबादने २०१३ मध्ये आणि त्यानंतर नागपूरने उष्णता कृती आराखडा स्वीकारला. अशा आराखड्याचा गाभा लोकमाहिती हाच असतो : इशारा कोणी द्यायचा, रुग्णालयांनी कोणती तयारी ठेवायची, बाहेर काम करणाऱ्यांनी कोणत्या वेळी थांबायचे. शेजारच्या दोन स्थानिक संस्थांनी इशारा एकाच वेळी आणि एकाच भाषेत दिला, तरच त्याचा उपयोग होतो.

ठळक नोंदी

१९६३ – राज्य वन संशोधन संस्था, जबलपूर.
१९६४ – जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाची स्थापना.
१९८८ – उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था.
१९८९ – राष्ट्रीय तण विज्ञान संशोधन केंद्र. पुढे तण संशोधन संचालनालय.
१९९२ – हवामान बदलविषयक आराखडा करार. सहाव्या कलमात लोकमाहितीची जबाबदारी.
१९९४ – ‘जेएस ३३५’ सोयाबीन वाण अधिसूचित.
२००८ – राष्ट्रीय कृती आराखडा, आठ अभियाने.
२०११ – ‘निक्रा’ उपक्रमास प्रारंभ.
२०२२ – भारताची सुधारित राष्ट्रीय उद्दिष्टे.
२०२४ – जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद. हवामान बदलाच्या परिणामांपासून मुक्त राहण्याच्या हक्काला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता.

पुढील दिशा

जबलपूरच्या संस्थांचे कार्य पाहता संशोधनाची बाजू मध्य भारतात उभी आहे. वनभूखंडांची पुनर्मोजणी, वाढीव कार्बनमधील प्रयोग आणि वाणांच्या चाचण्या यांना दीर्घकाळ सलग निधी व मनुष्यबळ लागते. एखाद्या भूखंडाची मोजणी मध्येच खंडित झाली, तर आधीच्या नोंदींचे मोलही घटते. त्यामुळे प्रकल्पापुरत्या निधीऐवजी सलग पाठबळ ही पहिली गरज आहे.

दुसरी गरज माहितीची आहे. गाजर गवत सप्ताह किंवा पेरणीच्या पावसाचा सल्ला यांसारखे उपक्रम यशस्वी होतात, कारण त्यांत सांगण्याजोगी एक स्पष्ट गोष्ट असते, ती लोकांच्या भाषेत असते आणि ती उपयोगाच्या वेळी येते. कार्बनसाठा, जोखीम निर्देशांक किंवा राज्याचा कृती आराखडा यांविषयीची माहिती अद्याप या कसोटीला उतरलेली नाही. ग्रामसभा, कृषी विज्ञान केंद्रे, आकाशवाणीची प्रादेशिक केंद्रे आणि भाषिक वृत्तपत्रे ही त्यासाठीची माध्यमे आधीपासून उपलब्ध आहेत. २०३० ची उद्दिष्टे गाठण्यासाठी ज्या शेतकऱ्याने वाण बदलायचे आहे आणि ज्या गावाने जंगल राखायचे आहे, त्यांच्या हाती हे संशोधन हंगामापूर्वी पोहोचणे आवश्यक आहे.